आबांचा झिपरू आणि बेटावरचा पक्ष

१ जुलै, मंगळवार. धुळे

सकाळी नळ आला आणि त्याच वेळी आबांचा फोन. धुळ्यात कितीतरी दिवसांनी आलेलं पाणी माणूस भरत असताना जो फोन करतो त्याला एकतर अक्कल नसते, नाहीतर त्याच्या घरी बोअर असते. आबांकडे बोअर आहे. अकलेबद्दलचं मत मी त्यांच्या संस्थेत राज्यशास्त्र शिकवता शिकवता बनवलंय, निवृत्त झाल्यावर बदलायचं कारण नाही.

"अक्का, तुमच्या त्या बेटाचं काम निघालं!"

माझं बेट. आयुष्यभर स्टाफरूममध्ये 'बेटवाल्या बाई' म्हणून हसले हे लोक. हिंदी महासागरातल्या एका टिकलीएवढ्या देशातल्या एका पक्षावर पीएच.डी. केली म्हणून. विषय गाइडनेच दिला होता, कारण तो तपासायला कोणी नव्हतं. मी ते बेट कधी पाहिलंही नाही. आणि आता म्हणे त्या पक्षाचा उपनेता ऑगस्टमध्ये आबांकडे येतोय. पक्षाचा इतिहास मराठीत पुस्तकरूपाने हवा. १५ ऑगस्टला कॉलेजच्या झेंडावंदनाला प्रकाशन.

"अहो, पण तो तुमच्याकडे कशाला?"

"म्हणजे काय? त्याचा पणजा आमच्याच गावचा. झिपरू. आमचा भाऊबंद!"

बादली वाहून गेली. जिल्हा परिषदेच्या निवडणुका आल्यात, तेव्हाच ओळखलं.

३ जुलै, गुरुवार

नसरीन चोपड्याहून आली. माझी शेवटची विद्यार्थिनी. अब्बांचं गाद्या भरायचं दुकान, घरात शिकलेली ही एकटी. हिनेही याच पक्षावर पीएच.डी. केली. मी सांगत होते, बये, माझं वाटोळं झालं तेवढं पुरे. ऐकलं नाही. मोबाइलवरून त्या बेटावरची मोडकी फ्रेंच शिकली, तिथल्या म्हाताऱ्यांशी व्हिडिओवर तासन्‌तास बोलली. मला कागदावरचा पक्ष माहीत होता. हिला त्यातली माणसं माहीत आहेत.

आणि एवढं करून आबांच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर. दर जूनमध्ये ठेवतील की नाही याची वाट बघायची. सुट्टीत पगार नाही. आबांचा भाचा, ज्याला 'संविधान' लिहिता येत नाही, तो कायम.

"मॅडम, लिहू या ना. मी लिहिते, तुम्ही तपासा. दोघींचं नाव."

"आबांसाठी?"

"माझ्यासाठी. ऑगस्टमध्ये कायम जागेच्या मुलाखती आहेत."

वरण-बट्टी केली. तिने तीन बट्ट्या खाल्ल्या, तूप मागून घेतलं. मी 'हो' म्हटलं.

६ जुलै, रविवार

जुने कागद काढले. पक्षाचं नाव 'एकी'. हसू येतं.

थोडक्यात: उसाच्या मळ्यावर नेलेले मजूर. त्यांचा पुढारी झिपरू. बोटीवर चढवताना साहेबाने नुसतं नाव लिहून घेतलं. गाव, आडनाव, जात काही नाही. म्हणून आजही त्या घराचं आडनावच झिपरू. त्याने मजुरांचा संप केला, पक्ष काढला, मेला. मग पुढे इतिहास सुरू होतो म्हणजे लाज सोडून पळापळ. मुलगा मंत्री झाला. जावयाने पक्ष फोडला. एकाची 'खरी एकी', दुसऱ्याची 'नवी एकी'. चिन्ह कंदील, तो कोणाचा यावर कोर्ट. शेवटी एकाला पेटलेला कंदील मिळाला, दुसऱ्याला विझलेला. पुढच्या निवडणुकीत विझलेला जिंकला. मग पेटलेल्यातले निम्मे विझलेल्यात गेले.

तेव्हा हे वाचताना मी रात्ररात्र जागले होते, केवढं काहीतरी दूरदेशीचं वाटायचं. आता वाटतं, शिरपूरला जाऊन आले असते तरी चाललं असतं.

११ जुलै, शुक्रवार

आबांच्या बंगल्यावर. सोफ्यावर प्लास्टिक अजून तसंच. भिंतीवर आबा आणि मंत्री, आबा आणि दुसरे मंत्री, आबा आणि पहिलेच मंत्री दुसऱ्या पक्षात.

आबांना पुस्तकाच्या सुरुवातीला 'मूळपुरुष' नावाचं प्रकरण हवंय. त्यांच्या पणजोबांचा धाकटा भाऊ झिपरू, घरातून रागाने निघून गेला, तोच बेटावर पोचला.

"पुरावा?"

"अक्का, घराण्यात नाव आहे ना झिपरू!"

म्हटलं, आबा, मूल जगत नसलं की नवस बोलायचा, पोराच्या झिपऱ्या राखायच्या आणि नाव झिपरू ठेवायचं, हे खान्देशात कोणाच्या घरात नव्हतं? माझ्याकडे भांडी घासायला येते तिच्या आजेसासऱ्याचं नाव झिपरू. सातपुड्यात पाड्यापाड्यावर झिपरू. तुमचाच कशावरून?

आबा हसले. हा माणूस हसला की मला भीती वाटते. म्हणाले, "तुम्ही मोठ्या विद्वान, तुमची सही पाहिजे त्यावर. बाकी ती चोपड्याची पोर... चांगली आहे हो. तिची जागा पक्की समजा. तिच्याकडून कपभर चहासुद्धा घेणार नाही."

म्हणजे 'मूळपुरुष'वर माझी सही, तर नसरीनला नोकरी. एवढं स्वच्छ बोलतात हे लोक. निदान लपवत तरी नाहीत.

बाहेर आले तर ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, साहेब तुमनी लई तारीफ करतस."

करणारच.

१५ जुलै, मंगळवार

नसरीनने प्र. १ लिहूनही आणलं. 'मूळपुरुष'. मला न विचारता. झिपरू तापीच्या काठी बसून क्षितिजाकडे बघतोय वगैरे. आईने बांधून दिलेली शिदोरी. हुंदका.

मी कागद फेकले. म्हटलं, हे शिकवलं मी तुला? डोळ्यांत पाणी आणणारं खोटं? साधं खोटं तरी लिहायचंस!

ती शांतपणे कागद गोळा करत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हाला दर एक तारखेला पेन्शन येते. मला जूनपासून एक रुपया आलेला नाही. झिपरू आबांचा असला काय नि नसला काय, त्याला काय फरक पडतो? तो मेलाय."

"इतिहासाला पडतो."

"इतिहासाला जेवायला लागत नाही."

थोबाडीत मारल्यासारखं झालं. म्हटलं, जा तू. गेली. शेवटची चोपडा गाडी मिळाली का, तेही विचारलं नाही मी. मेसेज टाकायला हवा होता. आता टाकत नाही.

१६ जुलै, बुधवार

टाकला. "पोचले" एवढंच उत्तर.

२० जुलै, रविवार

तोडगा काढला. प्र. १ मध्ये प्रत्येक वाक्याआधी 'आबांच्या घराण्यात असे सांगतात की' घातलं. सांगतातच की. खोटं नाही. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन भरीत केलं, दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२३ जुलै, बुधवार. जळगाव

प्रेसवर प्रूफं. 'आबांच्या घराण्यात असे सांगतात की' सगळीकडून उडवलेलं. प्रेसवाला म्हणतो, "आबा बोलले, एकच गोष्ट पुनःपुन्हा येतेय, कंटाळवाणं होतं."

आबांना वाङ्मयीन दृष्टी आहे, हे मला एवढी वर्षं कळलं नव्हतं.

प्र. २ ला मात्र हात लावलेला नाही. म्हणजे वाचलेलंच नाही. बरं झालं. पुस्तकात तेवढं एकच प्रकरण खरं आहे. नसरीनने म्हाताऱ्यांच्या तोंडून काढलेलं. पक्ष सुरू कसा झाला, ते.

त्यात आहे ते असं. बेटावरच्या पहिल्या श्रावणात आपल्याकडच्या काही बायाबापड्यांना घरात कानबाई देवी बसवायची होती. पण प्रसादाचे रोट कोणी खायचे? घरच्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू दळायचा आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याला कण द्यायचा नाही, हा कानबाईचा कायदा. आणि तिथे भाऊबंद आणायचे कुठून? एका बोटीत एका घरचे दोन नव्हते. तेव्हा झिपरू म्हणाला, या चाळीत जो राहतो तो भाऊबंद. दारोदार फिरून मूठ मूठ पीठ गोळा केलं. तमिळ, बिहारी, मुसलमान, तिथले काळे मजूर, कोणाला सोडलं नाही. ज्याची मूठ त्याला रोट. पुढच्याच आठवड्यात मुकादमाने एकाची मजुरी कापली, तर अख्खी चाळ बसून राहिली. का, तर म्हणे, भाऊबंदाची कापली. तोच पहिला संप. तोच पक्ष.

मी चाळीस वर्षं संपाची कारणं साखरेच्या भावात शोधत होते. आणि ही पोर काय घेऊन आली बघा.

सही केली. दोन्ही प्रकरणांवर. प्र. १ वर करताना शाई फुटली, दुसरं पेन घेतलं. नसरीनला फोन केला, "झालं तुझं." ती रडायलाच लागली. मी म्हटलं, रडू नकोस, मला किळस आलीय स्वतःची, त्यात भर नको.

१ ऑगस्ट, शुक्रवार. जळगाव

पाहुणा आला. स्टेशनवर ढोल, तुताऱ्या, कॉलेजची पोरं पावसात उभी केलेली. पाहुणा पन्नाशीचा, गोरटेला नाही, गव्हाळ, केस रंगवलेले, निळा सूट. मराठी देवळात शिकलेलं, जपून बोलतो. "मी आपले आभार मानीत आहे. ही माझी पितृभूमी होय."

गाडीत नसरीन त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलली तेव्हा खुलला. पक्षात पुन्हा फूट पडतेय. तिथल्या मराठी वस्तीची मतं हवीत, म्हणून हा पितृभूमीचा दौरा. व्हिडिओ काढायला एक माणूस बरोबर आणलाय. वर स्वतःच्या तोंडाने सांगतो, "आमच्याकडे आता सगळे आपापल्या जातीचे पुढारी मागतात."

आबा पुढच्या सीटवरून, "काय म्हणताय साहेब?"

नसरीन, "म्हणतायत, हवा छान आहे."

म्हणजे आबांना भाऊबंद पाहिजे मतांसाठी, याला पाहिजे मतांसाठी. झिपरू बिचारा दोन्हीकडून उपयोगी पडतोय. मी खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत बसले, त्या निदान गप्प असतात.

३ ऑगस्ट, रविवार. आबांचं गाव

सगळं नीट लिहून ठेवते, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आबांच्या घरी कानबाई. नारळाला डोळे, नाक, नथ, शालू, फुलं, सगळं झकास. भाऊबंद सगळे ओसरीत. पाहुण्याच्या नावाने सव्वा मूठ गहू आबांनी स्वतः मोजून दळायला टाकलेला, त्याचाही फोटो. म्हणजे आता तो अधिकृत भाऊबंद. मी आणि नसरीन परक्या, म्हणून अंगणात खुर्च्यांवर. आम्हाला चहा. तेही बरोबरच आहे, माझ्या माहेरी मी दिलेली लेक म्हणून मलाही रोट मिळत नाहीत. ड्रायव्हर, वाजंत्री, मंडपवाले, सगळे बाहेरच.

आबांची चुलती, जिजी, नव्वदीची, आत पाटावर. तिचा शब्द म्हणजे देवीचा.

आरती झाली. पाहुण्याला मानाने बसवलं. ताटात रोट, गंगाफळाची भाजी, खीर. व्हिडिओवाला पुढे. पाहुणा हात जोडून उठला आणि भाषणाला लागला! "आमच्या पक्षाचा जन्म या रोटातून झाला. आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीआधी पुढारी रोट हाती घेतो आणि..."

नसरीन माझ्या कानात, "मॅडम, हा वाटणार."

"काय वाटणार?"

"त्यांच्याकडे असंच करतात. रोट मोडून सगळ्यांना देतात. ह्याला इथलं माहीत नाही!"

तिने हात हलवला, त्याला खूण केली. त्याला वाटलं, ती बोलावतेय. ताट घेऊन हा माणूस ओसरी उतरून सरळ अंगणात! पहिला तुकडा ड्रायव्हरच्या हातात. ड्रायव्हर पांढराफटक. एक वाजंत्र्याला. मग नसरीनसमोर आला, आपल्या भाषेत म्हणाला, तुम्ही आमचा इतिहास लिहिलात, तुमची मूठ यात आहे. आणि रोटाचा तुकडा तिच्या हातावर ठेवला.

आतून जिजीचा आवाज, "अय, हाई काय करी राह्यना तो? आपला रोट परकाले? देवी कोपी जाई!"

कोणीतरी म्हणालं, "कोनले दिधा?"

"ती चोपडानी मुसलमाननी पोरले."

आबांनी नसरीनकडे बघितलं. डोळ्यांनीच सांगितलं, ठेव खाली. ड्रायव्हरने आपला तुकडा तोवर हळूच खांबाजवळ ठेवलाही होता. नसरीनला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कानबाई बसते. एक पाऊल पुढे टाकून तुकडा ताटात परत ठेवायचा, एवढंच करायचं होतं. मीसुद्धा पुटपुटले, "ठेव ग, ठेव."

तिने खाल्ला. सावकाश, सगळा. बोटं ओढणीला पुसली.

पाहुण्याने टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

४ ऑगस्ट, सोमवार. धुळे

कानबाईचं विसर्जन आटोपलं असेल. आम्ही कालच निघालो, निघालो म्हणजे घालवले गेलो. गाडी दिली नाही, रस्त्यावर उभं राहून एसटी पकडली. नसरीन गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. झोपण्याआधी विचारलं, का खाल्लास?

"भूक लागली होती."

"नसरीन!"

"लहानपणी दोन्ही शेजारी रोट व्हायचे. वास यायचा. मावशा खीर पाठवायच्या, पुरी पाठवायच्या, रोट कधीच नाही. वाईट नाही वाटायचं, नियमच तो. पण आज त्याने हातावर ठेवला ना, मॅडम, मग मला नाही ठेववला खाली."

मला साठी उलटून गेली तरी माझ्याच बापाच्या घरी नाही मिळाला.

संध्याकाळी व्हिडिओ गावभर. पाहुण्याने बेटावर टाकला, तिथून फिरून इथे. तिकडे वाहवा. इकडे आबांच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर काय काय लिहिलंय ते आबांच्या भाच्याने मला मुद्दाम पाठवलं. त्यात 'भाऊबंद' बरोबर लिहिलंय त्याने, विशेष आहे.

पाहुण्याला कोणी एक शब्द बोललं नाही. तो मोठा माणूस, परदेशी. तो दिल्लीला गेला, पंधराला परत येईल, शाल-श्रीफळ तयार आहे. चूक कोणाची, तर खाणारीची.

६ ऑगस्ट, बुधवार

आबा स्वतः घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा. चपला बाहेर काढल्या, म्हणजे काम मोठं.

पुस्तक वाचलं म्हणाले. प्र. २ सुद्धा. कोणीतरी वाचून दाखवलं असावं.

"अक्का, हे रोट वाटल्याचं प्रकरण काढा. भाऊबंद म्हणतात, पुस्तकात छापलं म्हणजे आबांना मान्य आहे. जिजी अन्न सोडून बसलीय. माझं तिकीट हातचं जाईल."

"आणि तुमचा मूळपुरुष?"

"तो राहू द्या ना! त्याने काय कोणाचं बिघडतंय?"

मी हसले, मोठ्याने. ह्यांना झिपरू हवा, झिपरूने केलेलं काही नको.

आबा हसले नाहीत. "पोरीचं मी अजून काही बिघडवलेलं नाही. भाऊबंद म्हणतात, घालवा तिला. मी म्हटलं, पोर हुशार आहे, चुकली. प्रकरण काढलं की मला सांगता येतं, की बघा, ऐकलं तिने. सोमवारी मुलाखत आहे. ऑर्डर मी टाइप करून ठेवलीय."

आणि सर्वांत वाईट हे, की ते खोटं बोलत नव्हते.

७ ऑगस्ट, गुरुवार

नसरीनला सांगितलं. फोनवरच.

"नाही काढायचं."

"अगं, प्र. १ चं एवढं खोटं तू हसत लिहिलंस! इतिहासाला जेवायला लागत नाही म्हणालीस!"

"ते आबांचं होतं. हे त्या म्हाताऱ्यांचं आहे. एक तर गेली पण, मी ऐकलं त्याच्या दुसऱ्या महिन्यात. ती म्हणाली होती, बाई, हे तिकडे सांग, आमच्या पोरांना आता खरं वाटत नाही."

मी म्हटलं, ती तिकडे मेली. तुला इथे जगायचंय. एका प्रकरणाने काय होतंय, पुढे दुसरीकडे छाप, मासिकात दे. नोकरी लागू दे आधी, मग सत्यबित्य बोलू.

बोलता बोलता मला कळलं, मी काय बोलतेय. पंधरा जुलैला ती जे बोलत होती तेच, शब्द फक्त माझे. आणि ती माझ्या जागी. थूत् माझ्या जिंदगानीवर.

तिने फोन ठेवताना विचारलं, "मॅडम, तुम्ही खरंच म्हणताय का हे?"

"हो," म्हटलं. खरंच म्हणत होते. अजूनही म्हणते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

तिचे अब्बा बोलले फोनवर. कधी बोलत नाहीत, लाजतात. "मॅडम, बेटी मानत नाही. आप समझाव. घरात तीच कमावणार आता, माझी छाती कापसानं भरली, डॉक्टर दुकान बंद कर म्हणतो."

समजावते म्हटलं.

पक्षाच्या इतिहासात हे कुठे लिहितात? तिथेही कोणीतरी असाच पहिल्यांदा म्हणाला असेल, की बाबा, आता एवढं सोडून दे, घरी पोरं आहेत. त्यानंतर मंत्रिपद, मग जावई, मग विझलेला कंदील. मी ह्यांना आयुष्यभर तुच्छ समजत आले. त्यांची सुरुवातही अशीच कोणाच्या तरी प्रेमापोटी झाली असेल.

नको ते विचार. दुपारी शेवभाजी आणली हॉटेलातून, तिखट जाळ. अर्धी टाकली.

१० ऑगस्ट, रविवार

नसरीन दुपारीच आली, उद्या सकाळी मुलाखत, चोपड्याहून वेळेवर गाडी मिळत नाही. केळी आणलीत, एवढी कोण खाणार.

ती आंघोळीला गेली तेव्हा आबांचा फोन. यावेळी नळ नव्हता.

"अक्का, पोर माझा फोन उचलत नाही. तिला विचारायची गरजच नाही हो. पुस्तकावर तुमचं नाव पहिलं आहे. प्रकरणावर तुमची सही आहे, म्हणून प्रेसवाला फक्त तुमच्या हो-ला थांबलाय. उद्या सकाळी तो मशीन लावतो. तुम्ही हो म्हणा, दोन नंबरचं प्रकरण निघतं, मुलाखतीत मी काय ते बघतो. नाही म्हणालात तरी छापीन, शब्द दिलाय पाहुण्याला. पण मग त्या खुर्चीवर भाचेसून बसेल. माझाही इलाज नाही."

"तिला कळलं तर?"

"कळेल तेव्हा ती कायम असेल. दोन महिने रागावेल तुमच्यावर. रागावू द्या."

दोन महिने म्हणतोय. मी तिला ओळखते. ती पुन्हा कधी माझ्या दारात येणार नाही.

आणि नाही म्हटलं तर येईल, दर जूनमध्ये, हातात नोकरी नसलेली, अब्बांचा खोकला सांगत. आणि मी तिला बट्ट्या वाढीन, आणि मला वाटत राहील की मी फार मोठं काही जपलं. बेटावर कोणालाच आता नको असलेलं, इथे कधीच कोणाला नको असलेलं. ते जपून मी काय करणार? ते न जपता तरी काय करणार?

आबांना म्हटलं, सकाळी सांगते.

प्रेसवाल्याचा मेसेज येऊन पडलाय: 'मॅडम, फायनल काय?' तो तसाच ठेवलाय.

नसरीन आत ओढणीला इस्त्री करतेय. निळी, नवी. गुणगुणतेय चक्क. आत्ताच तिने विचारलं, "मॅडम, मुलाखतीत समजा म्हणाले की या पक्षाची स्थापना कशी झाली ते सांगा, तर मी कुठून सुरुवात करू?"

थांब जरा, म्हटलं. तेव्हापासून हे लिहीत बसलेय. ती वाट बघतेय.